वैरणीच्या शेडमधली अँबॅसिडर



गावोगाव फिरताना एक गोष्ट आमच्या हटकून नजरेला पडते. वैरणीच्या शेडमध्ये जुनी अँबॅसिडर उभी असते. बॉनेटवर कोंबड्या, मागच्या सीटवर पेंडीची पोती. विचारलं की उत्तर ठरलेलं : "आबांनी हौसेनं घेतली होती. इंजिन जाम झालंय, भंगारवाल्याला सांगून ठेवलंय."

ही गाडी बंगालमधल्या उत्तरपाड्याला १९५८ पासून २०१४ पर्यंत तयार होत होती. आता नवी निघत नाही, म्हणून वजनावर घालवण्यापूर्वी थोडा दम धरावा, असं आमचं सांगणं आहे.

पहिल्यांदा इंजिन खरंच जाम आहे का ते पाहावं. पुष्कळदा सेल्फचा पिनियन फ्लायव्हीलच्या दात्यांत अडकलेला असतो. टॉप गियर टाकून गाडी मागंपुढं हलवली की तो सुटतो. फॅनबेल्टही काढून पाहावा. डायनॅमो किंवा पाण्याचा पंप गंजला असला तर तिथंच कळतं.

इंजिन बंद पडतं तेव्हा एखाद्या सिलेंडरचा व्हॉल्व्ह उघडा राहतोच. सायलेन्सरच्या वाटेनं पावसाळी हवा आत शिरते. सिलेंडर बिडाचा, रिंगाही बिडाच्या; दोन्ही गंजून एकमेकांना धरून बसतात. अशा वेळी आपल्याकडं हमखास ट्रॅक्टरला दोर बांधतात. हे मात्र करू नये. ट्रॅक्टरची सगळी ओढ चिकटलेल्या एका पिस्टनवर येते. रिंग तुटते, नाहीतर कनेक्टिंग रॉड वाकतो. मग साध्या गंजाचं दुखणं इंजिन बांधायच्या खर्चावर जातं.

चेंबरच्या ऑइलची पट्टी काढून बघा. ऑइल दुधासारखं पांढरट दिसलं तर पाणी उतरलंय. ते आधी काढून टाकावं. मग चारी प्लग काढून प्रत्येक भोकात अर्धा कप इंजिन ऑइल आणि डिझेल, निम्मं-निम्मं, ओतावं. आठ-पंधरा दिवस जाऊ द्यावेत, मुरलं की पुन्हा भर घालावी. गंजात तेल शिरायला वेळच लागतो, त्याला आमचाही इलाज नाही.

नंतर प्लग न बसवता हँडल लावून हलका दाब द्यावा. लोंबकळू नये. हँडल एकाच दिशेनं धरतं. उलट हिसका द्यायचा तर टॉप गियरमध्ये दोघांनी गाडी मागं रेटावी. केसभर हललं तरी काम झालं समजा. त्या दिवशी तेवढंच. पुन्हा तेल घालून ठेवावं.

तरीही दाद देत नसेल तर हेड उतरवावं. पिस्टनवर बाभळीचा ठोकळा ठेवून हलके ठोके द्यावेत, पण जो मध्यावर असेल त्यालाच. अगदी वर किंवा अगदी खाली असलेल्याला कितीही ठोकलं तरी क्रँक फिरत नाही.

इंजिन सुटलं की लगेच सेल्फ मारायचा मोह होतो. तो आवरावा. आधी चेंबरचं ऑइल बदलावं, त्यात डिझेल आणि गंज उतरलेला असतो. वरचं झाकण काढून हँडल फिरवत आठही व्हॉल्व्ह खालीवर होतात का ते बघावं. एखादा अडकला असेल तर पुशरॉड वाकतो. प्लगच्या भोकांवर फडकं टाकावं, तेल उडतं. आणि त्या वेळी बिडी पेटवणाऱ्याला लांब बसवावं!

टाकीतलं जुनं पेट्रोल चिकट झालेलं असतं. ते ओतून द्यावं आणि कार्ब्युरेटर धुऊन घ्यावा. नव्या पेट्रोलमध्ये २०२५ पासून साधारण २० टक्के इथेनॉल असतं. त्यातलं काही आपल्याच उसाचं, त्याचा आम्हाला आनंदच आहे. पण इथेनॉल हवेतलं पाणी ओढतं आणि या गाड्यांच्या जुन्या रबरी नळ्या त्यासाठी बनवलेल्या नाहीत. नळ्या बदलून घ्याव्यात, आणि गाडी महिनोन्‌महिने उभी राहणार असेल तर टाकीत पेट्रोल साठवून ठेवू नये.