कुणाच्या गळ्याला माइक मिळाला?

लाखेच्या तबकडीच्या एका बाजूवर जेमतेम तीन-सव्वातीन मिनिटांचं गाणं बसायचं. वन्समोअरवर वन्समोअर घेत एकेक पद रंगवणाऱ्या गायकनटांना ही मर्यादा जाचक वाटली. कवितेला मात्र ती मानवली. ध्रुवपद, दोन-तीन कडवी, मध्ये वाद्यांचे छोटे तुकडे, की गाणं पुरं. १९३०च्या दशकाच्या सुरुवातीला जी. एन. जोशी यांनी ना. घ. देशपांडे यांची ‘शीळ’ ही कविता ‘हिज मास्टर्स व्हॉइस’साठी गायली आणि ती तबकडी गाजली. नाटकातल्या प्रसंगाशी देणंघेणं नसलेलं, एका माणसाची मनःस्थिती सांगून थांबणारं हे गाणं पुढे ‘भावगीत’ म्हणून ओळखलं जाऊ लागलं. गजाननराव वाटव्यांनी ते गणेशोत्सवाच्या मांडवात नेलं आणि पेटीवर कविता गाणारा माणूस ऐकायला चौक भरू लागले.

मराठी लोकप्रिय संगीताचा इतिहास सांगताना आपण गायक, कवी आणि संगीतकारांची नावं घेतो. ती घ्यायलाच हवीत. पण त्या नावांच्या मागे यंत्रंही उभी आहेत. तबकडी, रेडिओ, कॅसेट आणि मोबाइल यांतल्या प्रत्येकानं वेगळ्या वस्तीतल्या गळ्याला जागा करून दिली. ज्याला जागा मिळाली त्याची भाषा, त्याचं प्रेम, त्याचा देव आणि त्याचा राग उरलेल्या महाराष्ट्राच्या कानावर पडला.

रेडिओसमोरची उदबत्ती

१९५२ साली बा. वि. केसकर केंद्रात माहिती व नभोवाणी मंत्री झाले. चित्रपटगीतांवर त्यांचा राग होता. आकाशवाणीवर ती गाणी आटली, तेव्हा श्रोत्यांनी काटा फिरवून रेडिओ सिलोन लावलं आणि अमीन सयानींची ‘बिनाका गीतमाला’ देशभर लोकप्रिय झाली. पण केसकरांच्या धोरणाचा दुसराही परिणाम झाला. चित्रपटगीतांची जागा भरून काढायला आकाशवाणीनं ‘सुगम संगीत’ स्वतः तयार करायला घेतलं. कवी, संगीतकार, वादक यांना केंद्रांवर काम मिळालं.

‘गीतरामायण’ या वातावरणातून आलं. पुणे केंद्र १९५३ साली सुरू झालं होतं. १ एप्रिल १९५५च्या रामनवमीला तिथून ग. दि. माडगूळकर आणि सुधीर फडके यांचं पहिलं गीत प्रक्षेपित झालं आणि पुढच्या रामनवमीपर्यंत दर आठवड्याला नवं गीत येत राहिलं. त्या वर्षी अधिक महिना आला म्हणून गीतं छप्पन्न झाली. प्रक्षेपणाच्या वेळी लोक रेडिओला हार घालत, उदबत्ती लावत. पुण्याची वृत्तपत्रं दर आठवड्याला नव्या गीताचे शब्द छापू लागली. ज्यांच्या घरी रेडिओ नव्हता ते शेजारच्या ओटीवर येऊन बसत. कीर्तनकारानं देवळात सांगावी ती कथा आता ठरलेल्या वेळी सगळ्या मराठी मुलखात ऐकू येत होती.

मुंबई केंद्रावर यशवंत देव, श्रीनिवास खळे यांची गाणी घडली. मंगेश पाडगावकरांचे शब्द आणि कापडगिरणी क्षेत्रात इंजिनिअर असलेल्या अरुण दाते यांचा मऊ आवाज यांतून नोकरदार मध्यमवर्गाला प्रेम व्यक्त करायची एक संयत, थोडी लाजरी भाषा सापडली. या गाण्यांतलं जग चांदण्याचं, पावसाचं, हुरहुरीचं होतं. गिरणीचा भोंगा आणि शेतावरची मजुरी त्यात क्वचितच येई.

फडावरून घरात

भोंग्याची गाणी दुसरीकडे होत होती. अण्णा भाऊ साठे, अमर शेख आणि द. ना. गवाणकर यांनी १९४४ साली ‘लाल बावटा कलापथक’ उभं केलं. संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीत या शाहिरांच्या डफावर मैदानं जागी राहिली. राजा बढे यांचे शब्द, खळ्यांची चाल आणि शाहीर साबळे यांचा खडा आवाज एकत्र येऊन झालेलं महाराष्ट्रगीत २०२३ साली अधिकृत राज्यगीत झालं.

लावणीला घराचा उंबरा ओलांडायला चित्रपटाची मदत झाली. १९५९च्या ‘सांगत्ये ऐका’नं तमाशापटांची लाट आणली, वसंत पवार आणि राम कदम यांनी ढोलकीच्या चाली पडद्यावर बसवल्या. सुलोचना चव्हाण यांची गोष्ट यात जवळून पाहण्यासारखी आहे. गिरगावात वाढलेली ही गायिका फडावर कधी नाचली नाही. अंगभर पदर घेऊन, एका जागी उभं राहून ती लावणी म्हणायची. सगळा नखरा आवाजात, शब्दाच्या फेकीत आणि ठसक्यात असे. आचार्य अत्र्यांनी तिला ‘लावणीसम्राज्ञी’ म्हटलं. तिच्यामुळे लावणी बैठकीच्या खोलीत मोकळेपणानं ऐकली जाऊ लागली. पिढ्यान्‌पिढ्या फडावर नाचत आलेल्या कलावंतिणींच्या वाट्याला मात्र ती प्रतिष्ठा त्या मानानं फारच थोडी आली.

वस्तीतला टेपरेकॉर्डर

खरी उलथापालथ कॅसेटनं केली. फिलिप्सनं १९६३ साली आणलेली ही डबी आपल्याकडे सत्तरीच्या अखेरीस रुळली. आखातात कामाला गेलेले लोक येताना टू-इन-वन आणू लागले. तबकडी काढायची तर मोठ्या कंपनीची मर्जी आणि मोठा कारखाना लागे. कॅसेटला एक छोटा स्टुडिओ, चार वादक आणि नकला काढणारं यंत्र पुरे. थोड्या प्रती खपल्या तरी खर्च निघे. त्यामुळे एका जिल्ह्यापुरतं, एका जमातीपुरतं, एका जत्रेपुरतं गाणंही बाजारात उभं राहू शकलं.

आंबेडकरी जलशांची परंपरा आधीपासून होती. सिन्नर तालुक्यातल्या देशवंडीचे वामनदादा कर्डक गावोगाव गात फिरले होते. त्यांच्या आणि इतर कवींच्या गाण्यांना कॅसेटनं दुकान दिलं. सहा डिसेंबरला चैत्यभूमीबाहेर, दसऱ्याला नागपूरच्या दीक्षाभूमीवर पुस्तकं आणि कॅसेटचे ठेले शेजारी शेजारी लागत. मराठवाडा विद्यापीठाच्या नामांतराच्या लढ्याची ही वर्षं. सभेत ऐकलेलं गाणं आता घरी नेता येत होतं, पुन्हा पुन्हा लावता येत होतं आणि शाळेचं तोंड न पाहिलेल्या आजीलाही बाबासाहेबांचं चरित्र गाण्यांतून पाठ होत होतं.

प्रल्हाद शिंदे यांचा आवाज या काळाचा सर्वांत बोलका पुरावा आहे. त्यांची विठ्ठलाची गाणी एसटी स्टँडपासून सत्यनारायणाच्या मांडवापर्यंत सगळीकडे वाजली. त्याच गळ्यानं गायलेली भीमगीतं मात्र वस्तीच्या वेशीवर थांबली. अनेक घरांना हा आवाज तोंडपाठ होता आणि त्याची अर्धी गाणी ठाऊकच नव्हती. ऐकण्यातही जात असते, हे यापेक्षा स्पष्ट कुठे दिसणार? पुढे आनंद आणि मिलिंद शिंदे यांनी लग्नाची वरात काबीज केली, तर वेसावकर आणि मंडळींनी वेसाव्याच्या कोळीवाड्याचा ठेका मुंबईभरच्या गणपती मिरवणुकांत पोहोचवला.

परतीचा रस्ता

नव्वदीनंतर वाहिन्या आल्या. १९९८च्या ‘गारवा’त सौमित्र आणि मिलिंद इंगळे यांनी भावगीताला कॉलेजच्या कट्ट्यावर आणलं. अजय-अतुल यांनी ‘जोगवा’, ‘नटरंग’मध्ये गोंधळाचं संबळ आणि फडाची ढोलकी मल्टिप्लेक्सच्या स्पीकरवर चढवली. २०१६च्या ‘सैराट’साठी वाद्यवृंदाचं ध्वनिमुद्रण लॉस एंजेलिसमध्ये झालं. गोष्ट करमाळ्याकडची, प्रेम जातीच्या भिंतीशी टक्कर देणारं, सुरावट हॉलिवूडच्या वादकांची आणि थिएटरात नाचणारी मुलं गावोगावची. कॅसेटच्या काळात वस्तीत वाढलेला ठेका आता सगळ्यांचा झाला होता.

मोबाइलनं उरलीसुरली दारंही उघडली. एकतारीवर भीमगीतं गाणाऱ्या कडुबाई खरात यांना लोकांनी हातातल्या फोनवर टिपलं आणि त्या राज्यभर पोहोचल्या. जळगाव जिल्ह्यातल्या तांड्यावरून आलेल्या संजू राठोडच्या ‘गुलाबी साडी’वर २०२४ साली मराठी न समजणारेही नाचले. आगरी-कोळी हळदीची गाणी यूट्यूबवर रोज नवी येतात. इथे निवड अधिकाऱ्याऐवजी गणिती सूत्र करतं. पहिल्या काही सेकंदांत बोट थांबलं नाही तर गाणं पुढे सरकतं, म्हणून ठेका आधी आणि कविता नंतर असा शिरस्ता पडतो आहे.

काय जपलं गेलं

या सगळ्यात एक विषमता मात्र तशीच राहिली आहे. कंपन्यांच्या तबकड्या आणि आकाशवाणीच्या ध्वनिफिती यांना संग्रहालय मिळालं, सूची मिळाल्या, आठवणींची पुस्तकं निघाली. कॅसेटच्या काळातली हजारो गाणी काढणाऱ्या छोट्या कंपन्या बंद पडल्या, फितींना बुरशी लागली. कित्येक आवरणांवर गायकाचा फोटो ठळक आणि कवीचं नाव गायब. आज तीच गाणी यूट्यूबवर चढतात, तेव्हा खाली ‘पारंपरिक’ असं लिहिलेलं असतं. ती रचणारा माणूस कदाचित अजून हयात असतो, आणि त्याला एक पैही मिळत नाही.

ज्या विद्यापीठांत आज संगीतावर प्रबंध होतात, त्यांनी आधी माळ्यांवरच्या या डब्या गोळा कराव्यात, आवरणं स्कॅन करावीत आणि सत्तरी ओलांडलेल्या कवी-गायकांकडून कुठलं गाणं कुणाचं हे नोंदवून घ्यावं. नाही तर चाळीस वर्षांनी मराठी संगीताचा इतिहास लिहिणाऱ्याला ऐंशीच्या दशकात महाराष्ट्र फक्त चांदण्याचीच गाणी ऐकत होता असं वाटेल.