पुढची पाटी कोणासाठी?

दारावर नावाची पाटी लावण्याची आपल्या लोकांना मोठी हौस. इंदूर, ग्वाल्हेर, बडोदे, बेळगाव, कोणत्याही गावच्या जुन्या मराठी वस्तीतून फेरफटका मारावा, दारोदारी आडनावे वाचावयास मिळतात. परंतु त्याच दारासमोर उभ्या असलेल्या दुचाकीकडे पाहिले, तर पुढच्या बाजूची क्रमांकाची पाटी पुष्कळदा वाकलेली, रंग उडालेली, नाहीतर मुळातच नाहीशी झालेली आढळते. मागची पाटी मात्र शाबूत असते. याविषयी कोणाला हटकले, की उत्तर ठरलेले : “मागे नंबर आहे ना? मग पुढे हवाच कशाला?”

हा प्रश्न केवळ आळसातून आलेला आहे असे म्हणून तो उडवून लावणे आम्हांस योग्य वाटत नाही. जगातील काही सरकारांनीही तो गंभीरपणे विचारला आहे आणि त्याचे उत्तर आपल्याहून वेगळे दिले आहे.

मोटारीवर पाटी असावी ही कल्पना जुनी आहे. १८९३ साली पॅरिसच्या पोलिसांनी असा हुकूम काढला, की प्रत्येक मोटारीवर धातूच्या पत्र्यावर मालकाचे नाव, पत्ता आणि परवान्याचा क्रमांक ठळकपणे लिहिलेला असावा. म्हणजे ती अक्षरशः घरावरच्यासारखीच पाटी होती. ब्रिटनमध्ये १९०३ च्या कायद्यान्वये १ जानेवारी १९०४ पासून मोटारींना क्रमांक लावणे सक्तीचे झाले. हेतू एकच : रस्त्यावर धावणारे हे नवे, वेगवान यंत्र कोणाचे आहे, ते अनोळखी माणसालाही सांगता यावे.

पुढे मात्र वाटा फुटल्या. अमेरिकेत हा विषय प्रत्येक राज्याच्या अखत्यारीतला आहे. कॅलिफोर्निया व टेक्सास येथे मोटारीला दोन्ही पाट्या लागतात. पेनसिल्व्हेनिया, फ्लोरिडा, जॉर्जिया या राज्यांत मागची एकच पुरते. ओहायोने १ जुलै २०२० पासून आणि युटाने १ जानेवारी २०२५ पासून पुढच्या पाटीची सक्ती उठवली. सक्ती नको म्हणणारे सांगतात की दुसऱ्या पाटीचा खर्च वाचतो आणि बंपरला भोके पाडून मोटारीचे रूप बिघडवावे लागत नाही. ब्रिटनमध्ये मोटारसायकलींची पुढची पाटी १९७५ साली ऐच्छिक झाली. तिचे कारण अधिक वजनदार होते. ती पाटी मडगार्डावर सुरीच्या पात्यासारखी उभी बसवीत, आणि धडक बसली तर पादचाऱ्यास तीच कापून काढी.

ही कारणे आपणांसही लागू पडतात काय? आपल्याकडे १९८९ च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांनुसार पुढे आणि मागे, दोन्हीकडे क्रमांक असणे आवश्यक आहे. दुचाकीची पुढची आडवी पाटी २८५ मिलिमीटर लांब आणि ४५ मिलिमीटर रुंद असते. १ एप्रिल २०१९ पासून तयार झालेल्या वाहनांना जी उच्च-सुरक्षा पाटी मिळते, तिच्या कडा व कोपरे इजा होऊ नये म्हणून गोलसर ठेवावेत, असे नियमातच म्हटले आहे. तेव्हा ब्रिटिशांचा आक्षेप बराचसा निकालात निघतो. उरला खर्च आणि उरले रूप. त्यांच्या पारड्यासमोर दुसऱ्या पारड्यात काय पडते, ते आता पाहू.

धडक मारून वाहन पळून जाते तेव्हा मागची पाटी दिसते ती पाठमोरी, दूर जाणारी, धुळीत आणि अंधारात मिटत जाणारी. पुढची पाटी दिसते ती समोरून येणाऱ्यास, रस्ता ओलांडणाऱ्यास, नाक्यावरच्या दुकानदारास आणि समोर तोंड करून बसवलेल्या कॅमेऱ्यास. चालकाचा चेहरा आणि वाहनाचा क्रमांक एका चित्रात सापडतात ते पुढूनच.

या क्रमांकाचे मोल किती, हे रुपयांत सांगता येते. वाहन अज्ञात राहिले, तर मोटार वाहन कायद्याच्या १६१ व्या कलमाखाली मृताच्या कुटुंबास २ लाख रुपये व गंभीर जखमीस ५० हजार रुपये मिळतात. १ एप्रिल २०२२ पूर्वी तर या रकमा अनुक्रमे २५ हजार आणि साडेबारा हजार एवढ्याच होत्या. उलट वाहन ओळखले गेले, तर मोटार अपघात न्यायाधिकरणाकडे दाद मागता येते. सर्वोच्च न्यायालयाने २००९ साली सरला वर्मा खटल्यात घालून दिलेली रीत तेथे चालते. महिना २० हजार मिळवणारा, तीस वर्षांचा, चार माणसे पोसणारा गृहस्थ दगावला असे धरू. वर्षाचे उत्पन्न २ लाख ४० हजार. त्यातून त्याच्या स्वतःच्या खर्चाचा चौथा हिस्सा वजा जाता उरले १ लाख ८० हजार. त्यास त्या वयासाठी ठरवलेल्या १७ ने गुणावे. होतात ३० लाख ६० हजार. भावी उत्पन्नवाढ वगैरे निराळीच. चालकाचा निष्काळजीपणा सिद्ध व्हावा लागतो, वाहनाचा विमा असावा लागतो, हे खरे. पण या साऱ्याची पहिली पायरी म्हणजे तो क्रमांक. एका विधवेचे घर चालणार की मोडणार, मुलांचे शिक्षण पुरे होणार की थांबणार, हे कधी कधी त्या चार आकड्यांवर ठरते.

म्हणून आमचे मत असे, की पुढची पाटी पोलिसांसाठी नाही आणि सरकारसाठीही नाही. आपल्या वाहनासमोर येणाऱ्या, आपल्याला न ओळखणाऱ्या माणसासाठी ती आहे. अमेरिकेतील मोटारवाल्याने रूपाच्या हिशेबाने ती काढली असेल. आपल्या रस्त्यांवर, जेथे पायी चालणाऱ्यास पदपथही धड मिळत नाही, तेथे तो हिशेब परवडणारा नाही.

पाटी असून ती वाचता न येणे हेही नसण्यासारखेच होय. ४१४१ हे इंग्रजी आकडे असे वळवून लिहावयाचे की ‘दादा’ वाचले जावे, ही चाल पुष्कळांना गमतीची वाटते. जखमी होऊन पडलेल्या माणसाला ‘दादा’ दिसून उपयोग काय? येथे एक बोलणे थोडे कटू वाटेल, तरी बोलतो. परमुलखात राहून मराठी जपणाऱ्या आपल्या घरांतील तरुणांना वाहनाचा क्रमांक देवनागरीत लिहिण्याचा मोह होतो. त्यामागील अभिमान आम्ही जाणतो. पण नियम इंग्रजी अक्षरांचा व आंतरराष्ट्रीय अंकांचा आहे, आणि तो योग्य आहे. कारण क्रमांक वाचणारा तमिळ असेल, तेलुगू असेल, पंजाबीही असेल. मराठीसाठी दारावरची पाटी आहे, घरातले पुस्तक आहे, मुलांशी बोलणे आहे. तेथे तिला कोणी अडवीत नाही.

सुज्ञ वाचकांस विनंती एवढीच. येत्या रविवारी घरातील प्रत्येक वाहनाची पुढची पाटी ओल्या फडक्याने पुसावी, सैल असेल तर घट्ट करवून घ्यावी, तुटली असेल तर रीतसर नवी मागवावी. मुलांना सांगावे, की अपघात दिसला तर जखमीकडे धावावे आणि जमल्यास क्रमांकही टिपून ठेवावा. मदत करणाऱ्यास कायद्याचे १३४-अ हे कलम संरक्षण देते. आपले नाव सांगण्याची सक्तीही त्याच्यावर नाही. नाव सांगण्याचे कर्तव्य वाहनावरच्या पाटीचे आहे, आणि ते तिने समोरूनच करावे.