मोठ्या प्रमाणाची जेट-प्रतिकृती : साचा, वजन आणि मैदान
(पेण व रोहा परिसराच्या संदर्भात)

रेडिओ-नियंत्रित विमानप्रतिकृती हा विषय आपल्याकडे बहुधा छंदाच्या सदरात मोडतो. तथापि प्रतिकृतीचा पंखविस्तार दोन मीटरांपलीकडे गेला आणि तिच्या पोटात खरेखुरे टर्बाइन-एंजिन बसले, म्हणजे ती खेळणे राहत नाही. उड्डाणशास्त्र, पदार्थविज्ञान व उष्मागतिकी या तिन्ही शाखांची कसोटी पाहणारे ते एक यंत्र होते. अमेरिकेतील नासाच्या लँग्ली केंद्राने प्रवासी विमानाच्या साडेपाच टक्के प्रमाणाची, दोन लहान टर्बाइन-एंजिने असलेली व सुमारे साडेबावीस किलो वजनाची प्रतिकृती बांधली. विमानावरील ताबा सुटतो त्या अवस्थेचा अभ्यास हा तिचा उद्देश होता, कारण असे प्रयोग माणसे बसलेल्या विमानावर करता येत नाहीत. २००७ साली उडालेले एक्स-४८बी हे तीन लहान जेट-एंजिनांचे विमानही असेच साडेआठ टक्के प्रमाणाचे होते.

एखाद्या विद्यापीठीय विभागाने अशी प्रतिकृती बांधावयाचे मनात आणले, तर सामान्यतः प्रथम विमान निवडले जाते, मग साचे होतात, मग एंजिन येते आणि ती उडवावयाची कोठे हा प्रश्न सर्वांत शेवटी निघतो. हा क्रम उलटा असावयास हवा, हे दाखविणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू होय. उदाहरणासाठी हिंदुस्थान एरोनॉटिक्सचे ‘किरण’ हे प्रशिक्षण-विमान घेतले आहे. त्याचे पहिले उड्डाण ४ सप्टेंबर १९६४ रोजी झाले, आणि ‘सूर्यकिरण’ पथकामुळे ते सर्वांच्या परिचयाचे झाले. त्याचा पंख सरळ, एंजिन एकच व रचना साधी असल्यामुळे प्रतिकृतीस ते सोयीचे आहे.

१. प्रमाणाचा नियम

‘किरण’चा पंखविस्तार १०.७ मीटर, पंखांचे क्षेत्रफळ १९ चौरस मीटर व कमाल वजन ४,२३५ किलो आहे. एकास पाच या प्रमाणात पंखविस्तार २.१४ मीटर होतो. क्षेत्रफळ मात्र पाचाच्या वर्गाने घटते व ०.७६ चौरस मीटर उरते, आणि वजन घनाने घटून सुमारे ३४ किलो येते. येथे दोन प्रकारच्या प्रतिकृतींतील भेद ध्यानात घेणे अगत्याचे आहे. केवळ दिसण्यापुरती प्रतिकृती हवी असेल, तर वजन जितके कमी करता येईल तितके इष्ट. परंतु मूळ विमानाच्या हालचालींचा अभ्यास करावयाचा असेल, तर वजन घनाच्या नियमाने व जडत्वाघूर्ण पाचव्या घाताच्या नियमाने जुळवावे लागते. अशी प्रतिकृती वाजवीपेक्षा हलकी झाली, तर तिचे वर्तन मूळ विमानाविषयी चुकीचे सांगेल.

भारताच्या ड्रोन नियम, २०२१ मध्ये शैक्षणिक, संशोधनात्मक वा मनोरंजनात्मक हेतूने दृष्टीच्या टप्प्यात उडविल्या जाणाऱ्या प्रतिकृतीची मर्यादा २५ किलो ठरविली गेली. या मर्यादेत ३४ किलोंची प्रतिकृती बसत नाही. मात्र कमी इंधनाच्या, म्हणजे सुमारे ३,००० किलो वजनाच्या ‘किरण’शी तुलना केली, तर १:५ प्रमाणास २४ किलो वजन येते व ते कसेबसे बसते. म्हणून पुढील विवेचनात दोन वजने समोर ठेवली आहेत : हौशी बांधणीचे १५ किलो आणि संशोधनास योग्य असे २४ किलो.

आणखी एक अडचण अशी की, हवा लहान होत नाही. गतिसादृश्य राखले तरी रेनॉल्ड्स अंक पाच गुणिले वर्गमूळ पाच, म्हणजे सुमारे ११ पटींनी घटतो. उतरतेवेळी सेकंदाला २२ मीटर वेगाने जाणाऱ्या या प्रतिकृतीच्या पंखावर तो जेमतेम पावणेपाच लाख असतो. यामुळे पंखावरील प्रवाह लवकर सुटतो आणि कमाल उत्थापन-गुणांक मूळ विमानाइतका मिळत नाही. प्रतिकृतीच्या प्रयोगावरून मूळ विमानाच्या स्तंभन-वेगाचे भाकीत थेट करता येत नाही, याचे कारण हेच.

२. साचा आणि कवच

मोठ्या प्रतिकृतीचे धड आता लाकडी सांगाड्यावर कापड ताणून सहसा करीत नाहीत, साच्यातून काढतात. या कामाची कल्पना यावी म्हणून फार दूर जाण्याचे कारण नाही. पेण शहर आणि तालुक्यातील हमरापूर, जोहे ही गावे गणेशमूर्तींसाठी प्रसिद्ध आहेत. तेथील कारागीर प्रथम मूळ मूर्ती घडवितो. तिच्यावरून रबरी साचा घेतो व त्यास बाहेरून प्लास्टरचा आधार देतो. मग साच्याच्या आतल्या अंगास प्लास्टरचा पातळ थर देऊन त्यावर काथ्या बसवितो आणि पुन्हा प्लास्टर चढवितो. मूर्ती आतून पोकळ राहते. ठिसूळ द्रव्यात तंतू घालून त्यास बळकटी आणावयाची व पोकळ कवचालाच आकार आणि आधार अशी दोन्ही कामे करावयास लावावयाची, हे या रीतीचे तत्त्व होय. विमानप्रतिकृतीचे धडही याच तत्त्वावर घडते. प्लास्टरच्या जागी इपॉक्सी राळ आणि काथ्याच्या जागी काचतंतूंचे कापड येते, इतकेच.

भेद आहे तो वजनाचा. मूर्तीचे एक सेंटीमीटर जाडीचे प्लास्टरचे कवच चौरस मीटरला दहा किलोंहून अधिक भरेल. मूर्तीस ते चालते, किंबहुना स्थैर्यास उपकारकच ठरते. विमानाच्या बाबतीत हिशेब ग्रॅमचा असतो. धडाचे क्षेत्रफळ दोन चौरस मीटर धरले, तर काचतंतू-राळेचे एक मिलिमीटर जाडीचे भरीव कवच ३.६ किलो होते. त्याऐवजी दोन मिलिमीटर जाडीचा हलका फेस मध्ये घालून त्याच्या दोन्ही अंगांस चौरस मीटरला १६० ग्रॅम कापड व तितकीच राळ दिली, तर एकूण वजन सुमारे दीड किलो येते. तेवढ्याच वजनाचे भरीव कवच अवघे ०.४२ मिलिमीटर जाड होईल. कवचाचा ताठरपणा जाडीच्या घनावर अवलंबून असल्याने, आदर्श गणिताप्रमाणे, सँडविच-कवच त्या भरीव कवचापेक्षा साठ-सत्तर पट ताठर ठरते. कापड ओले झाल्यावर त्यावर पिशवी चढवून आतील हवा काढतात. दाबामुळे जादा राळ शोषक थरात निघून जाते व फेस कापडाशी एकजीव होतो.

रबरी साचा लवचिक असल्याने मूर्तीचे आत वळलेले अवयवही त्यातून सुटतात. धडाचा साचा मात्र ताठ असावा लागतो, कारण अर्ध्या मिलिमीटरची वाकही पुढे पंख व शेपटी यांचे कोन बिघडविते. म्हणून तो उभा दुभागतात आणि दोन्ही अर्धी कवचे स्वतंत्र काढून आतून पट्टी देऊन जोडतात. कोकणातील हवेचाही येथे विचार करावा लागतो. पावसाळ्यातील दमट हवेत पुष्कळशा इपॉक्सी राळींच्या पृष्ठावर चिकट पापुद्रा धरतो व त्यावरचा पुढील थर नीट चिकटत नाही. बाल्साचे लाकूडही ओलावा शोषून जड होते. सबब साचेकाम आश्विनानंतर धरावे, अथवा कोरड्या ठेवलेल्या बंद खोलीत करावे.

३. एंजिन

लहान टर्बाइन-एंजिनाचा इतिहास अलीकडचा आहे. रेडिओ-नियंत्रित प्रतिकृतीचे टर्बाइनवरील उड्डाण १९८३ साली ब्रिटनमध्ये झाले. पुढे जर्मनीतील कुर्ट श्रेकलिंग यांनी घरगुती कार्यशाळेत करता येण्याजोगे एंजिन सिद्ध केले. त्याचे संपीडक-चक्र प्लायवुडचे असून त्यास कार्बन-तंतूंचा वेढा दिलेला होता. आज मिळणाऱ्या एंजिनांत एक केंद्रोत्सारी संपीडक, वलयाकार ज्वलनकक्ष व एक टर्बाइन-चक्र असते. चक्राचे मिनिटाला एक लाखाहून अधिक फेरे होतात.

‘किरण’मधील व्हायपर एंजिनाचा प्रणोद सुमारे ११ किलोन्यूटन, म्हणजे कमाल वजनाच्या ०.२७ पट आहे. २४ किलोंच्या प्रतिकृतीस त्या हिशेबाने ६४ न्यूटन पुरतात. १०० न्यूटनचे एंजिन घेतल्यास दोन्ही वजनांस हात राखून प्रणोद मिळतो. मात्र इंधनाचा खर्च मोठा असतो. या वर्गातील एंजिन पूर्ण प्रणोदावर मिनिटाला साधारण एकतृतीयांश लिटरहून अधिक केरोसीन जाळते. दाबाचे गुणोत्तर कमी आणि पात्यांच्या टोकाशी होणारी गळती प्रमाणाने अधिक, ही त्याची कारणे. तीन लिटर इंधनात पूर्ण प्रणोदावर आठ-नऊ मिनिटांपेक्षा अधिक काळ काढता येत नाही. टाक्या गुरुत्वमध्याजवळच असाव्या लागतात, नाहीतर इंधन संपत जाईल तसा तोल ढळतो. टाकी व पंप यांमध्ये बुडबुडे अडविणारी लहान टाकी अवश्य हवी, कारण हवेच्या एका बुडबुड्यानेही ज्योत विझू शकते.

‘किरण’चे एंजिन धडाच्या मध्यात व झोत शेपटीशी असल्याने प्रतिकृतीतही लांब पोलादी नळी घालावी लागते. झोताचे तापमान कित्येक शे अंश असते व राळ त्याच्या अल्पांशानेही मऊ पडते. म्हणून नळी दुहेरी करून दोन भिंतींमधून थंड हवा खेळविली जाते. मंद गतीवरून पूर्ण प्रणोदावर येण्यास एंजिनाला काही सेकंद लागतात, हेही चालकाने विसरता कामा नये. उतरताना वेग फार घटला, तर तो ऐनवेळी भरून काढता येत नाही.

४. वजन, वेग आणि धाव

आता मूळ प्रश्नाकडे वळू. कोकणातील उष्ण हवेची घनता घनमीटरला १.१५ किलो आणि कमाल उत्थापन-गुणांक १.२ धरला, तर १५ किलोंच्या प्रतिकृतीचा स्तंभन-वेग सेकंदाला १६.८ मीटर, म्हणजे ताशी ६० किलोमीटर येतो. २४ किलोंस तोच सेकंदाला २१.२ मीटर, म्हणजे ताशी ७६ किलोमीटर होतो. जमिनीस टेकण्याचा वेग याहून १५ टक्के अधिक व ब्रेकसह मंदन सेकंदवर्गाला दोन मीटर मानल्यास जमिनीवरील धाव अनुक्रमे ९३ व १४९ मीटर पडते. वेग वजनाच्या वर्गमुळाने वाढतो आणि धाव वेगाच्या वर्गाने वाढते. म्हणून धाव वजनाच्या सरळ प्रमाणात वाढते. कवचात वाढलेला प्रत्येक किलो मैदानाची सहा मीटर लांबी मागतो, असे म्हणता येईल.

यात झाडांची भर पडते. मैदानाच्या कडेला पंधरा मीटर उंचीचा माड असेल व प्रतिकृती पाच अंशांच्या उतरणीने येत असेल, तर माडापासून टेकण्याच्या जागेपर्यंत १७० मीटर मोकळी जागा लागते. अर्थात हलक्या प्रतिकृतीस एकूण सुमारे २६५ व जड प्रतिकृतीस ३२० मीटर लागतात, आणि चालकाच्या अंदाजातील चूक यात धरलेली नाही.

वरच्या आकाशाचाही हिशेब मांडला पाहिजे. ताशी २०० किलोमीटर वेगाने ६० अंश कलून घेतलेल्या वळणाचा व्यास ३६० मीटरांहून अधिक होतो. त्या वेगात १५ किलोंच्या प्रतिकृतीची गतिज ऊर्जा २३,००० ज्यूल असते. स्वारासह २२० किलो भरणारी मोटारसायकल ताशी ५२ किलोमीटर वेगाने येऊन आदळावी, इतकी ही ऊर्जा आहे. २४ किलोंस ती ३७,००० ज्यूल होते. रेडिओ-संदेश तुटताच एंजिन आपोआप बंद व्हावे अशी योजना यास्तव अनिवार्य ठरते. परंतु एंजिन बंद झाल्याने ही ऊर्जा नाहीशी होत नाही. तिच्या मार्गात माणसे नसणे, हाच खरा उपाय होय.

५. मैदान

पेण तालुक्यात भातखाचरे व खारजमिनी विस्तृत आहेत, आणि कापणीनंतर त्या कोरड्या पडतात. तथापि खाचरांचे बांध जेटच्या लहान चाकांस अडथळा ठरतात. जेटला सपाट, कठीण पट्टीच हवी. नोव्हेंबरपासून पुढे हवा कोरडी असते, पण फाल्गुन-चैत्रात गवत वाळून वणव्याचे दिवस येतात. गरम एंजिन व उरलेले केरोसीन घेऊन पडलेली प्रतिकृती अशा गवतात आग लावल्यावाचून राहील, असे गृहीत धरता येत नाही. दुपारी समुद्रावरून येणारा वारा जोर धरतो, म्हणून सकाळची वेळ बरी.

रोहा तालुक्याची अडचण निराळी आहे. शहरालगत धाटाव येथे रासायनिक कारखान्यांची औद्योगिक वसाहत आहे व नागोठणे येथे पेट्रोरसायनांचा प्रकल्प आहे. अशा ठिकाणांच्या आसपास ज्वलनशील इंधनाचे वेगवान यंत्र उडविणे, कागदावर परवानगी मिळाली तरी, विवेकास धरून नाही. विमानतळाचा प्रश्न मात्र येथे तुलनेने सौम्य आहे. ८ ऑक्टोबर २०२५ रोजी उद्घाटन झालेला नवी मुंबई विमानतळ पेणपासून सरळ रेषेत पंचवीस किलोमीटरांहून दूर आहे, आणि २०२१ च्या नियमांतील अंतराची बंधने विमानतळाच्या सीमेपासून १२ किलोमीटरांपर्यंतची होती. तरीही उड्डाणापूर्वी अधिकृत आकाश-नकाशा पाहणे चुकवू नये.

६. निष्कर्ष

वरील गणितावरून कामाचा क्रम आपोआप ठरतो. प्रथम माणसे, गवत व कारखाने यांपासून दूर असलेली जागा शोधावी व तिची मोकळी लांबी मोजावी. त्या लांबीवरून उतरण्याचा वेग, वेगावरून वजन आणि वजनावरून प्रमाण व कवचाची जाडी काढावी. साच्याला हात त्यानंतर घालावा. जागा २६५ मीटरांचीच असेल, तर २४ किलोंची संशोधन-प्रतिकृती तेथे उडविता येणार नाही. अशा वेळी प्रमाण आणखी लहान करावे. तीन हजार किलोंच्याच ‘किरण’शी तुलना ठेवल्यास वजन घनाच्या नियमाने घटते व गतिसादृश्यही टिकते. केवळ हलकेपणासाठी १:५ ची प्रतिकृती १५ किलोंत बसविली, तर ती सुंदर उडेल, पण मूळ विमानाविषयी काही सांगणार नाही. विभागास यांपैकी काय हवे आहे, याचा निर्णय पहिली मूळ प्रतिमा घडण्यापूर्वी झाला पाहिजे.