आधी खिळा सापडला पाहिजे

जुन्या मोटारसायकलचं मागचं चाक बसलं की गाडी मागून डुलू लागते. हँडल सरळ धरलेलं असतं, रस्ताही सरळ असतो, तरी सीटखालचा भाग डावीकडे-उजवीकडे घसरतोय असं वाटतं. पुढचं चाक बसलं तर हँडल एकाएकी जड होतं आणि वळणावर गाडी ऐकेनाशी होते. अशा वेळी बसलेल्या चाकाचा ब्रेक दाबू नये. ॲक्सिलरेटर सोडावा, गरज पडली तर दुसऱ्या चाकाचा ब्रेक हलकेच लावावा आणि गाडी कडेला घ्यावी. मागे कोणी बसलं असेल तर त्याला उतरवावं. ‘दुकान जवळच आहे’ म्हणून बसल्या चाकावर गाडी रेटली तर रिम आणि टायर यांच्यामध्ये ट्यूब चघळली जाते, व्हॉल्व्ह मुळापासून उपटतो, आणि एका छोट्या भोकाचं काम नव्या ट्यूबवर जातं.

आजच्या ट्यूबलेस टायरमध्ये खिळा घुसला तर रबर त्याला धरून ठेवतं आणि हवा हळूहळू जाते. कित्येकदा दुसऱ्या दिवशी सकाळी कळतं. जुन्या गाड्यांना ती सवलत नाही. त्यांच्या चाकांना स्पोक असतात आणि प्रत्येक स्पोकचं निपल रिमला पाडलेल्या भोकात बसतं. अशा रिममध्ये हवा कोंडून राहत नाही, म्हणून आत ट्यूब हवीच. ट्यूबला भोक पडलं की हवा टायरच्या पोटात येते आणि स्पोकच्या भोकांतून, व्हॉल्व्हच्या भोकातून बाहेर निघून जाते. हे सगळं काही क्षणांत घडतं. त्रास बहुधा मागच्या चाकाला होतो. एक तर वजन मागे जास्त असतं. दुसरं म्हणजे रस्त्यावर आडवा पडलेला खिळा पुढचं चाक उडवतं, तो क्षणभर उभा राहतो आणि तेवढ्यात मागचं चाक त्याच्यावर येतं.

खिळे-काटे येतात कुठून, हे ज्या त्या मुलखावर आणि हंगामावर ठरतं. पश्चिम महाराष्ट्रात गाळपाच्या दिवसांत उसाच्या बैलगाड्या डांबरी रस्त्यावरून चालतात. बैलांच्या खुरांना मारलेल्या पत्रीचे खिळे सैल होऊन रस्त्यावर पडतात. ते आखूड असतात, पण ट्यूब गाठण्याइतके लांब नक्कीच असतात. मराठवाड्यात बांधावरची वेडी बाभूळ तोडून कुंपणाला नेली की तिचे काटे वाटभर सांडलेले असतात, आणि वाळलेला काटा टायरमध्ये शिरून टोकाशी मोडतो. पावसाळ्यात पंक्चर वाढतात, कारण पाण्याचे लोट सगळा कचरा रस्त्याच्या कडेला आणून टाकतात, शिवाय ओलं रबर कोरड्यापेक्षा सहज कापलं जातं.

हे सगळं त्या गाड्या बनवणाऱ्यांना ठाऊक होतं, आणि मला त्यांच्याबद्दल खरा आदर वाटतो तो यासाठी. म्हैसूरच्या आयडियल जावा कारखान्यात १९६१ पासून जावा आणि पुढे येझदी बनत होत्या. या गाड्यांची चेन पूर्ण बंद डब्यात असते. मागचं चाक काढायला तिला हातही लावावा लागत नाही. आस ओढून घेतला की दातेरी चक्र आणि चेन जागच्या जागी राहतात आणि नुसतं चाक हातात येतं. १९५५ साली मद्रासमध्ये उभ्या राहिलेल्या एन्फील्ड इंडियाच्या बुलेटचीही तीच तऱ्हा, फक्त मडगार्ड खोल असल्यामुळे ३.२५-१९ मापाचं ते उंच चाक बाहेर काढताना गाडी एका अंगाला कलती धरावी लागते आणि त्यासाठी दुसरा माणूस असलेला बरा. हिरो होंडाच्या सीडी १०० आणि स्प्लेंडरमध्येही चेन न उतरवता चाक निघतं. आकुर्डीच्या चेतक स्कूटरवाल्यांचा थाट वेगळाच. त्यांच्याकडे स्टेपनी असे, नट सोडून चाक बदललं की झालं. त्या स्कूटरची रिम मात्र दोन भागांची असते. हवा पूर्ण सोडल्याशिवाय ते भाग जोडणारे नट सैल केले तर आतल्या दाबाने भाग जोरात उडतात. हे माहीत नसलेल्याने तिकडे हात घालू नये.

रस्त्याकडेचा पंक्चरवाला मात्र बहुतेक वेळा चाक काढतच नाही. गाडी मधल्या स्टँडवर घेतो, व्हॉल्व्हची पिन काढतो, पायाने टायर दाबून रिमपासून सुटा करतो आणि एकाच बाजूने लिव्हर घालतो. टायरच्या कडेत पोलादी तारा असतात, त्या ताणल्या जात नाहीत. म्हणून नुसत्या ताकदीने टायर निघत नाही. रिमच्या मध्यभागी एक खोलगट पन्हळ असते. लिव्हरच्या समोरच्या बाजूची कड त्या पन्हळीत ढकलली की इकडच्या बाजूला बोटभर सैलपणा मिळतो, आणि अंगठ्याएवढ्या जोराने कड वर येते. नवशिक्या हीच गोष्ट विसरतो आणि लिव्हर वाकवून बसतो.

ट्यूब बाहेर आली, पण व्हॉल्व्ह अजून रिममध्येच आहे. हा आळस नव्हे. व्हॉल्व्ह जागेवर असला की ट्यूबचा कुठला भाग टायरच्या कुठल्या भागाखाली होता हे कळतं. ट्यूबमध्ये थोडी हवा भरून तो ती गालाजवळून फिरवतो. बारीक फुंकर कानापेक्षा गालाला आधी लागते. तरी सापडलं नाही तर पाण्याचं घमेलं आहेच. भोक सापडलं की त्याच्यासमोरचा टायरचा भाग आतून बोटांनी चाचपायचा, अगदी सावकाश. खिळा निघाला तर काम अर्धं झालं. निघाला नाही तर पॅच लावायचा नाही, शोधायचं. मोडलेला काटा टायरच्या आत राहिला आणि वर नवाकोरा पॅच लागला तर गिऱ्हाईक दोन-चार किलोमीटरवर पुन्हा उभं असतं. भोक बुजवणं कोणालाही शिकवता येतं. भोक का पडलं हे ओळखणारा हात तयार व्हायला वर्षं लागतात, आणि मी कारागीर म्हणतो तो त्यालाच.

कारण ट्यूब सगळं सांगते. भोक बाहेरच्या, रस्त्याकडच्या अंगाला असेल तर दोष खिळ्याचा. साप चावल्यासारखी शेजारी शेजारी दोन भोकं असतील तर हवा कमी होती, चाक खड्ड्यात आपटलं आणि रिमच्या कडेने ट्यूब चिमटली. व्हॉल्व्हच्या मुळाशी फाटलं असेल तरी हवा कमीच होती. ब्रेक मारताना टायर रिमवर सरकला आणि ट्यूबला ओढत घेऊन गेला. अशा गाडीचा व्हॉल्व्ह आधीच तिरका झालेला असतो. तो दिसावा म्हणून जाणता माणूस व्हॉल्व्हचा नट रिमला घट्ट आवळत नाही, वर टोपणाजवळ सैल ठेवतो. आणि भोक आतल्या, रिमकडच्या अंगाला असेल तर रस्त्यावर खिळा शोधण्यात अर्थ नाही. शत्रू चाकातच आहे.

जुन्या गाड्यांचं खरं दुखणं हेच. वर्षानुवर्षं पाणी शिरून रिम आतून गंजते, गंजाचे पापुद्रे उठतात आणि ट्यूब घासून पातळ करतात. कोणीतरी कधीतरी स्पोक ताणलेले असतात, त्यांची टोकं निपलच्या वर येतात. त्यांच्यावरची रबराची पट्टी कुजून गेलेली असते. बाबांची येझदी किंवा आजोबांची राजदूत शेडमधून काढून रंग, क्रोम, सीट सगळं झळझळीत करणारे लोक ही चार पैशांची पट्टी बदलायला विसरतात, आणि मग ‘हिला सारखं पंक्चर होतं’ म्हणून गाडीला बोल लावतात. ट्यूब, पट्टी आणि टायर एकदम नवे घ्यावेत, स्पोकची टोकं कानशीने सपाट करावीत, रिम आतून घासून रंगवावी. टायरच्या अंगावर चार आकडे असतात. पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. २३१९ म्हणजे २०१९ सालचा तेविसावा आठवडा. नक्षी खोल दिसते म्हणून जुना टायर ठेवू नये. उभ्या गाडीचं रबरही म्हातारं होतं.

आता पॅच. ट्यूब कानशीने खरवडायची, सोल्युशन पातळ लावायचं आणि थांबायचं. बोट लावलं तर चिकटू नये इतकं वाळेपर्यंत थांबायचं. बहुतेक पॅच घाईने मरतात. ओल्या सोल्युशनवर लावलेला पॅच चाक तापलं की उठतो. जुन्या ट्यूबचा कातरलेला तुकडा लावला तर तोही फार टिकत नाही.

गरम पॅचचं यंत्र तर बघत राहावं असं. लोखंडी शिकंज्यात ट्यूब, तिच्या भोकावर कच्च्या रबराचा तुकडा आणि वरती एखाद्या भंगार इंजिनचा पिस्टन, उलटा ठेवलेला. त्या वाटीत थोडं पेट्रोल ओतून पेटवायचं. इंधन संपून ज्योत विझली की रबर शिजलं. घड्याळाची गरज नाही, वेळ पेट्रोलच्या मापातच असतो. चार्ल्स गुडइयरला १८३९ मध्ये उष्णता आणि गंधकाने रबर पक्कं होतं हे उमगलं. तीच क्रिया इथे बाभळीखाली चाललेली असते, आणि पॅच ट्यूबशी एकजीव होतो. शिकंजा मात्र थंड झाल्यावरच सोडायचा.

टायर परत बसवताना ट्यूबमध्ये फुंकरभर हवा ठेवायची, म्हणजे ती लिव्हरखाली चिमटत नाही. दुरुस्तीनंतर लगेच होणारी पंक्चर बहुतांशी या शेवटच्या लिव्हरनेच होतात. कडेचा शेवटचा भाग व्हॉल्व्हपाशी आत घ्यायचा. मग व्हॉल्व्हच्या तोंडावर थुंकीचा थेंब. बुडबुडा आला तर पिन बदलायची. ‘हवा किती ठेवू दादा?’ या प्रश्नाला ‘मार अंदाजाने’ असं उत्तर देऊ नये. बुलेटला पुढे वीसच्या आसपास, मागे तीसच्या आसपास पौंड, आणि पंपावर मीटर नसेल तर स्वतःचा ठेवावा.

महामार्गावर झाडाला टांगलेला टायर अजून दिसतो, आणि त्याच्याखाली कितीदा तरी केरळातून आलेला माणूस असतो. पण शहरात ट्यूबलेसला दोरी घालून पाच मिनिटांत मोकळी होणारी नवी पोरं स्पोकचं चाक पाहिलं की ‘ट्यूबचं काम करत नाही’ म्हणतात. त्यांचं चूक नाही. तेवढ्या वेळात त्यांच्या चार गाड्या होतात. म्हणून बुलेटवाल्याने, येझदीवाल्याने एका रविवारी घरच्या अंगणात स्वतःचं चाक एकदा उघडावं. सीटखाली दोन लिव्हर, एक ट्यूब, आसाच्या मापाचा पाना आणि छोटा पंप ठेवावा. आणि आपल्या तालुक्यात गालाने भोक शोधणारा एखादा मामा अजून बसत असेल, तर त्याने मागितलेल्या पैशात घासाघीस करू नये.