हेडफोन मुका होतो तेव्हा

भोसलेकाळापासून छत्तीसगडात मराठी कुटुंबे स्थिरावली आहेत. १ नोव्हेंबर २००० रोजी रायपूर नव्या राज्याची राजधानी झाले. शहर विस्तारले आणि पुढची पिढी शिक्षण-नोकरीच्या निमित्ताने दूरदेशी गेली. अशा घरांतील ज्येष्ठांना संगणक हा नातवंडांशी बोलण्याचा झरोका वाटतो. ऐन भेटीच्या वेळी पडद्यावर ओठ हलताना दिसावेत आणि कानी काहीच पडू नये, ही अवस्था मोठी केविलवाणी! सुदैवाने हा दोष बहुधा किरकोळ असतो आणि क्रमाने शोधल्यास घरीच सापडतो.

प्रथम हेडफोन दुसऱ्या उपकरणाला जोडून पाहावा. तेथेही आवाज नसेल, तर दोष संगणकाचा नव्हे. हेडफोन ठीक असल्यास जोडणीचे छिद्र पाहावे. १९९९च्या सुमारास रूढ झालेल्या रंगसंकेतानुसार हिरवे छिद्र ऐकण्यासाठी, गुलाबी मायक्रोफोनसाठी आणि निळे बाहेरील ध्वनी आत घेण्यासाठी असते. पिन शेवटपर्यंत बसली नाही, तर गाण्यातील वाद्ये ऐकू येतात, पण गायकाचा आवाज बुडाल्यासारखा वाटतो.

जोडणी योग्य असूनही शांतता असेल, तर पडद्याच्या उजव्या कोपऱ्यातील ध्वनिचिन्हावर टिचकी मारून ध्वनी कोठे जात आहे ते तपासावे. एचडीएमआय केबलने जोडलेला मॉनिटर पुष्कळदा आवाज स्वतःकडे ओढून घेतो. तेथे हेडफोन निवडताच काम भागते.

मागील छिद्र चालते, पण पुढील नाही, असे आढळल्यास पेटीतील पुढच्या छिद्राची तार मदरबोर्डवरून निसटली असण्याचा संभव असतो. हे काम जाणकाराकडूनच करून घ्यावे. मोबाइलच्या हेडफोनची चार भागांची पिन असेल, तर ऐकणे व बोलणे वेगळे करणारा जोड घ्यावा लागतो.

उरला, सिलतरा येथील पोलाद उद्योगांच्या रायपुरात धुळीचा विसर पडून चालणार नाही. छिद्रातील बारीक पट्ट्यांवर धूळ बसली की पिन आत आल्याचे संगणकाला उमगत नाही. वीज बंद करून कोरड्या हवेच्या फुंकणीने छिद्र स्वच्छ करावे. सुई, तेल वा पाणी कदापि वापरू नये. छिद्रच निकामी झाले असल्यास यूएसबीला जोडावयाचा छोटा ध्वनी-जोड हा स्वस्त पर्याय आहे.

दृष्टिबाधितांसाठी तर ही बाब केवळ सोयीची नाही. पडदा वाचून दाखवणारी एनव्हीडीएसारखी प्रणाली वापरणाऱ्याला हेडफोन मुका होणे म्हणजे पडदाच काळा होणे. बोलक्या एटीएममध्येही हेडफोनसाठी असेच छिद्र असते. १ जुलै २०१४ पासून बसवावयाची सर्व नवी एटीएम बोलकी आणि ब्रेल कळफलकाची असावीत, असा रिझर्व्ह बँकेचा निर्देश आहे.

शेवटी एक सावधगिरीची सूचना. किरकोळ बिघाडासाठी इंटरनेटवर सापडलेल्या 'मदत क्रमांका'वर दूरध्वनी करून संगणकाचा ताबा अनोळखी व्यक्तीकडे देऊ नये. दूरस्थ ताबा घेणाऱ्या ॲपद्वारे खाती रिकामी केली जात असल्याचा इशारा रिझर्व्ह बँकेने २०१९ मध्येच दिला होता. फसवणूक झाल्यास तत्काळ १९३० या क्रमांकावर आणि आपल्या शाखेत कळवावे. आवाज उद्याही परत आणता येईल. गेलेली पुंजी परत मिळेलच, याची शाश्वती नसते.