घरासमोरचा रस्ता : भाग ५ – गतिरोधक मोजून पाहा

मागच्या रविवारी सकाळी सहाला, वर्दळ सुरू व्हायच्या आत, शेजारचे काका आणि मी आमच्या गल्लीतल्या गतिरोधकापाशी गेलो. सोबत पडद्याचा सरळ रॉड, गवंड्याकडून मागून आणलेली पाणसळ आणि मोजपट्टी. रॉड उंचवट्याच्या माथ्यावर आडवा धरला, पाणसळीतला बुडबुडा मधोमध आणला आणि रॉडपासून खाली रस्त्यापर्यंत मोजलं. उंची भरली १४ सेंटिमीटर. गाडी ज्या दिशेनं जाते त्या दिशेनं चढ-उताराची लांबी ६५ सेंटिमीटर.

दोन वर्षांपूर्वी गल्लीच्या तोंडाशी एका शाळकरी मुलाला मोटारीची धडक बसली. मुलगा वाचला. लोकांनी ओरड केली आणि एका रात्रीत हा डांबराचा ढिगारा रस्त्यावर आला. गेल्या पावसाळ्यात याच ढिगाऱ्यावर काकांच्या आई स्कूटरवरून उसळून पडल्या. मणक्याला चीर गेली, तीन महिने अंथरुणात गेले. स्कूटर काकाच चालवत होते, वेग जेमतेम पंधरा. त्या सकाळी मोजपट्टीचं दुसरं टोक त्यांनी फार घट्ट धरलं होतं.

गतिरोधक कसा असावा याचं माप आपल्या देशात ठरलेलं आहे. इंडियन रोड्स काँग्रेसनं १९८८ मध्ये त्यासाठी ‘आयआरसी ९९’ ही मार्गदर्शिका काढली. त्यातला नेहमीच्या वाहतुकीसाठीचा गतिरोधक १७ मीटर त्रिज्येच्या वर्तुळाचा तुकडा असतो. लांबी ३.७ मीटर, मधली उंची १० सेंटिमीटर. बस आणि ट्रक जास्त असतील तिथे लांबी ५ मीटर. ब्रिटनच्या रस्ते संशोधन प्रयोगशाळेत १९७० च्या दशकात चाचण्या घेऊन जो गोलसर उंचवटा तयार झाला, त्याच घराण्यातला हा आकार. आमच्याकडे उंची जवळजवळ दीडपट आणि लांबी सहाव्या हिश्श्याहून थोडी जास्त.

हा फरक नुसत्या आकड्यांचा नाही. लांब, सपाटसर उंचवट्यावर मोटारीचं धूड पुढच्या चाकांबरोबर हळूहळू चढतं आणि उतरतं. ताशी २५ किलोमीटरला आत बसलेल्याला हेलकावा जाणवतो, पण हादरा बसत नाही. चाळीसनं गेलात तर पोटात गोळा येतो. म्हणजे त्रास वेगाच्या प्रमाणात वाढतो, आणि तेच तर हवं असतं. अरुंद, उंच ढिगाऱ्याचं उलटं असतं. जड मोटार त्यावरून वेगात गेली की चाक वर उचललं जाऊन खाली येईपर्यंत गाडी पुढे निघालेली असते. धक्का स्प्रिंग आणि शॉकअॅब्सॉर्बर गिळून टाकतात. हळू जाणाऱ्या सायकलला, स्कूटरला, रिक्षातल्या गरोदर बाईला मात्र तो पुरेपूर बसतो. ज्यांच्यामुळे धोका आहे ते सुटतात आणि ज्यांना जपायचं ते मार खातात. असा उंचवटा टाकण्यापेक्षा न टाकलेला बरा, असं मी विचारपूर्वक लिहितो आहे.

मग वेग पंचवीस-तीसवर आणण्याचा हा हट्ट कशासाठी? एक साधं गणित करू. मूल चेंडूमागे रस्त्यावर आलं, तुम्ही पाहिलं आणि पाय ब्रेकवर गेला. यात एक सेकंद जातो असं धरा. ताशी ३० ला गाडी त्या सेकंदात ८ मीटर जाते आणि कोरड्या, चांगल्या रस्त्यावर साधारण आणखी ५ मीटरांत थांबते. एकूण तेरा. ताशी ५० ला त्या पहिल्या सेकंदातच जवळजवळ १४ मीटर निघून जातात. म्हणजे मूल तेरा-साडेतेरा मीटरवर असेल, तर तीसनं येणारी गाडी त्याच्या पुढ्यात थांबते आणि पन्नासची गाडी ब्रेक लागायच्या आधी, पूर्ण वेगानं त्याच्यावर आदळते. तुम्ही कितीही सराईत चालक असा, हे अंतर बदलत नाही. फेब्रुवारी २०२० च्या स्टॉकहोम जाहीरनाम्यात पायी चालणारे, सायकलस्वार आणि वाहनं जिथे एकत्र येतात तिथे ३० ची मर्यादा मागितली, ती यासाठीच.

पण ‘वेग ३०’ अशी पाटी लावून वेग कमी होत नाही. आमची गल्ली सिमेंटची झाली, रुंद आणि गुळगुळीत झाली, आणि पाटी असूनही गाड्या जोरात जाऊ लागल्या. रस्ता सरळ दिसला की पाय आपोआप अॅक्सिलरेटरवर दाबला जातो. याच गल्लीत गणपतीचा मांडव पडतो तेव्हा काय होतं आठवा. अर्धा रस्ता मांडवात जातो, उरलेल्या अर्ध्यातून गाड्या माणसाच्या चालीनं जातात. पोलीस नसतो, पाटी नसते, हॉर्नही कमी वाजतात. दहा दिवस पोरं रस्त्यावर खेळतात आणि म्हातारी माणसं खुर्च्या टाकून बसतात.

नेदरलँड्समधल्या डेल्फ्ट शहरात १९६० च्या दशकाच्या अखेरीस जवळपास हेच कायमचं करून पाहिलं गेलं. रस्त्याची सरळ रेघ मोडली, झाडं आणि बाक मध्ये आणले, फुटपाथ आणि रस्ता एका पातळीवर आणला. अशा रस्त्याला त्यांनी नाव दिलं वोनेर्फ, म्हणजे राहत्या घराचं अंगण. १९७६ मध्ये त्याला कायद्यानं मान्यता मिळाली : तिथे वाहनानं चालीच्या वेगानं जायचं आणि मुलांनी पूर्ण रस्त्यावर खेळायचं. अंगण हा शब्द आपल्याला कुणी समजावून सांगायला नको.

असा रस्ता एकदम होणार नाही, पण कोपरा नीट करणं सोपं आहे. गल्लीत वळताना कोपऱ्याची गोलाई ऐसपैस असेल तर मोटार वेग न उतरवता आत घुसते. आमच्या गल्लीतल्या त्या शाळकरी मुलाला तिथेच धडक बसली. फुटपाथचा कोपरा थोडा पुढे आणून वळण आखूड केलं तर वेग उतरवावाच लागतो, शिवाय ओलांडायचं अंतरही घटतं. तिथेच फुटपाथच्या उंचीचा सपाट, रुंद ओलांडपट्टा केला तर व्हीलचेअर आणि बाबागाडीही सरळ पलीकडे जाते. आमच्या गल्लीत पहिलं काम हेच व्हायला हवं होतं.

तेव्हा क्षेत्रीय कार्यालयात अर्ज देताना ‘गतिरोधक टाकावा’ एवढ्यावर थांबू नका. तुमच्या गतिरोधकाची मोजलेली उंची आणि लांबी लिहा, शेजारी ३.७ मीटर आणि १० सेंटिमीटर लिहा, आडव्या छेदाचं चित्र काढा. काळे-पांढरे पट्टे आणि ४० मीटर आधी सूचनाफलक मागा. रात्रीच्या पावसात न दिसणारा उंचवटा दुचाकीसाठी सापळाच असतो. कोपऱ्याचा फोटो जोडा.

आम्ही सोमवारी अर्ज दिला, आवक क्रमांक घेतला. काकांच्या आई अजूनही त्या ढिगाऱ्याआधी स्कूटरवरून उतरतात, काठी टेकत पलीकडे जातात आणि पुन्हा मागे बसतात. अर्जाचं काय होतं ते याच जागी कळवीन. पुढच्या आठवड्यात शाळेच्या फाटकासमोरचा रस्ता.