लेबले पिवळी का पडतात? हातबनावटीच्या मेणबत्त्या आणि साबणांपुढील प्रश्न

बंगळुरू – सोळाव्या शतकात केंपेगौडा यांनी वसविलेल्या जुन्या बंगळुरूतील चिकपेट ही आजही शहराची प्रमुख घाऊक बाजारपेठ मानली जाते. 1638 नंतर शहाजीराजे भोसले यांच्या जहागिरीत आलेल्या या नगराशी मराठी माणसाचा संबंध जुना आहे. रेशमी साड्यांसाठी प्रसिद्ध असलेल्या या पेठेच्या आसपासच्या गल्ल्यांतून कागद, छपाई, वेष्टन आणि सौंदर्यप्रसाधनांचाही व्यापार चालतो. घरगुती स्वरूपात मेणबत्त्या, साबण, उटणी व लेप तयार करणाऱ्या लहान उद्योजकांना कच्च्या मालापासून लेबलापर्यंत बहुतेक सर्व वस्तू अशाच पेठांतून मिळतात.

या उद्योजकांना वारंवार भेडसावणारा एक प्रश्न वरकरणी किरकोळ वाटतो. दिवाळीपूर्वी तयार केलेला माल दुकानदाराच्या फडताळावर दोन-तीन महिने राहिला की त्यावरील शुभ्र लेबल पिवळसर दिसू लागते. आतील साबण अथवा मेणबत्ती उत्तम स्थितीत असते. मात्र ग्राहक तो माल जुना समजून बाजूला ठेवतो आणि दुकानदार परत पाठवतो. लहान उत्पादकाच्या दृष्टीने परत आलेली एक पेटी म्हणजे अनेकदा त्या संपूर्ण खेपेचा नफा असतो.

लेबल पिवळे पडण्याचे कारण एकच असते, असा सर्वसाधारण समज आहे. प्रत्यक्षात किमान पाच वेगवेगळी कारणे संभवतात आणि प्रत्येकाचा उपाय निराळा आहे. त्यामुळे कारण न ओळखता केलेला खर्च बहुधा वाया जातो.

कागदातच दडलेले कारण

लाकडामध्ये तंतूंना घट्ट बांधून ठेवणारा लिग्निन नावाचा घटक असतो. लाकूड केवळ यंत्राने दळून केलेल्या लगद्यात हा घटक जवळपास तसाच राहतो. प्रकाश आणि हवेतील प्राणवायू यांच्या संयोगाने लिग्निनचे रूपांतर पिवळ्या-तपकिरी रंगाच्या संयुगांत होते. वर्तमानपत्राचा कागद उन्हात काही दिवसांतच पिवळा पडतो किंवा जुन्या दिवाळी अंकांची पाने कडेने तपकिरी होतात, ती याच कारणाने.

आम्लता हे दुसरे कारण होय. शाई कागदावर पसरू नये म्हणून राळ आणि तुरटी वापरण्याची पद्धत जर्मनीतील मोरित्झ इलिग यांनी 1807 मध्ये मांडली. पुढे ती जगभर रूढ झाली. मात्र तुरटीमुळे कागद आम्लयुक्त होतो आणि कालांतराने पिवळा व ठिसूळ बनतो. दीर्घकाळ टिकणाऱ्या कागदासाठी 1994 मध्ये आयएसओ 9706 हे आंतरराष्ट्रीय मानक निश्चित करण्यात आले. आम्ल शोषून घेण्यासाठी कागदात किमान 2 टक्के कॅल्शियम कार्बोनेटइतका क्षारीय साठा असावा, अशी अट त्यात आहे.

सुती चिंध्यांपासून तयार केलेल्या कागदात लिग्निन जवळजवळ नसते. पुण्यातील हातकागद संस्था 1940 पासून अशा कागदाची निर्मिती करीत आली आहे. हातबनावटीच्या मालावर हातकागदाचे लेबल शोभून दिसतेच, शिवाय ते टिकाऊही ठरते. मात्र त्याचा पृष्ठभाग खडबडीत असल्याने बारीक अक्षरांची छपाई त्यावर काळजीपूर्वक करावी लागते.

शुभ्रतेची कलई

बाजारात मिळणारा अतिशुभ्र कागद नैसर्गिकरीत्या तितका पांढरा नसतो. त्यात शुभ्रता वाढविणारी रसायने मिसळलेली असतात. ही रसायने डोळ्यांना न दिसणारे अतिनील किरण शोषून निळसर प्रकाश बाहेर टाकतात. त्या निळसर छटेमुळे कागद अधिक पांढरा भासतो. कपड्यांना नीळ देण्यामागील तत्त्वही काहीसे असेच आहे.

सततच्या प्रकाशाने ही रसायने निकामी होतात. निळसर छटा नाहीशी झाली की कागदाचा मूळ फिकट पिवळा रंग उघडा पडतो. याचा अर्थ, अशा प्रसंगी कागद नव्याने पिवळा झालेला नसून त्याच्यावरील कलई उतरलेली असते.

हे ओळखण्याचे साधन चिकपेटसारख्या बाजारातील अनेक गल्ल्यांवर आधीच उपलब्ध असते. खोट्या नोटा ओळखण्यासाठी वापरल्या जाणाऱ्या अतिनील दिव्याखाली कागद धरल्यास शुभ्रता-रसायने असलेला कागद निळा चमकतो. खऱ्या नोटेचा कागद कापसापासून बनविलेला असून त्यात ही रसायने नसल्याने तो मंद दिसतो. लेबलासाठी कागद निवडताना जो कागद या दिव्याखाली कमी चमकेल, त्याचा रंग प्रकाशात कमी बदलण्याची शक्यता असते.

व्हॅनिलाचा डाग

सुगंधी मेणबत्त्या आणि साबणांच्या बाबतीत तिसरे कारण सुगंधातच असते. व्हॅनिलाचा वास देणारे व्हॅनिलिन हे द्रव्य हवा, प्रकाश आणि क्षार यांच्या संपर्कात तपकिरी होते. व्हॅनिलिन असलेला पांढरा साबण काही आठवड्यांत बदामी आणि नंतर गडद तपकिरी होतो, हे साबण तयार करणाऱ्यांना ठाऊक असते. हेच सुगंधी तेल लेबलात झिरपले तर कागदावरही तसाच डाग उमटतो. लवंग-दालचिनीसारख्या सुगंधांतील युजेनॉल या घटकामुळेही रंगबदल होऊ शकतो.

येथे एक योगायोग नोंदविण्यासारखा आहे. लिग्निन आणि व्हॅनिलिन ही रासायनिक दृष्ट्या एकाच कुळातील द्रव्ये आहेत. विसाव्या शतकात अनेक दशके कागद गिरण्यांच्या टाकाऊ द्रावातील लिग्निनपासून व्हॅनिलिन तयार केले जात असे आणि नॉर्वेमध्ये लाकडापासून व्हॅनिलिन काढण्याचा उद्योग आजही चालतो. कागद आणि सुगंध या दोहोंच्या पिवळेपणात साम्य आढळते, ते यामुळेच.

सुगंधी तेल खरेदी करताना त्यातील व्हॅनिलिनचे प्रमाण विक्रेत्याकडून लेखी मागून घेणे हिताचे ठरते. प्रमाण अधिक असल्यास लेबल थेट वस्तूवर न चिकटविता बाहेरील डबीवर लावावे.

साबणाचा क्षार आणि तेल

तेल आणि कॉस्टिक सोडा यांच्या क्रियेतून तयार होणारा साबण मुळातच क्षारीय असतो. त्याचा सामू साधारणपणे 9 ते 10 असतो. क्षाराचा स्पर्श झाला की लिग्निनयुक्त कागद लगेच पिवळा पडतो. न तापविता केलेला साबण सामान्यतः चार ते सहा आठवडे सुकवावा लागतो. सणाच्या घाईत तो लवकर गुंडाळला गेला तर त्यातील पाणी कागदात उतरते. साबणातील ग्लिसरीन हवेतील ओलावा ओढून घेत असल्याने पावसाळ्यात हा त्रास वाढतो.

त्वचा मऊ राहावी म्हणून हातबनावटीच्या साबणात थोडे तेल मुद्दाम शिल्लक ठेवले जाते. ते तेल खवट झाले की साबणावर नारिंगी ठिपके दिसू लागतात आणि तोच डाग वेष्टनावर येतो. सोडियम सायट्रेटसारखे धातूंचे अंश बांधून ठेवणारे द्रव्य आणि ई-जीवनसत्त्वासारखा प्राणवायूरोधक घटक वापरल्यास खवटपणा लांबविता येतो.

यावरील सर्वांत सोपा उपाय म्हणजे साबण पूर्ण सुकू देणे आणि लेबलाच्या आत बटर पेपरचा थर ठेवणे. लेबलाची पट्टी या थरावरून गुंडाळल्यास कागदाचा साबणाशी थेट संबंध येत नाही.

डिंक, प्लास्टिक आणि धूर

स्टिकरच्या मागील डिंक हे चौथे कारण आहे. रबरावर आधारित डिंक स्वस्त असतो आणि पटकन चिकटतो. मात्र उष्णता व प्रकाशाने तो पिवळा पडतो आणि कडेने बाहेर येऊन धूळ धरतो. ॲक्रिलिक डिंक तुलनेने महाग असला तरी तो दीर्घकाळ स्वच्छ राहतो. गमिंग शीट विकत घेताना केवळ कागदाचा दर्जा पाहिला जातो आणि डिंकाचा प्रकार विचारला जात नाही. तो विचारणे आवश्यक आहे.

पाचवे कारण चिकपेटच्या कापड व्यापाऱ्यांना अधिक परिचयाचे असावे. प्लास्टिकच्या पिशवीत ठेवलेले पांढरे कापड घडीच्या कडेने पिवळे पडते. पिशवीच्या प्लास्टिकमध्ये टिकाऊपणासाठी घातलेले बीएचटी हे द्रव्य हळूहळू बाहेर पडते. वाहने, जनित्रे यांच्या धुरातील नायट्रोजनच्या ऑक्साइडांशी त्याचा संयोग होऊन पिवळे द्रव्य तयार होते. क्षारीय पृष्ठभागावर हा रंग अधिक ठळक दिसतो. कापडावरील या दोषाच्या चाचणीसाठी आयएसओ 105-एक्स18 हे स्वतंत्र मानक आहे. साबणाभोवती प्लास्टिक गुंडाळून तो रहदारीच्या रस्त्यालगत साठविल्यास हाच प्रकार लेबलाबाबतही घडू शकतो.

या दोषाची एक खूण आहे. अशा प्रकारे आलेला पिवळेपणा उन्हात ठेवल्यास अनेकदा फिका होतो. याउलट, लिग्निनमुळे आलेला पिवळेपणा उन्हाने वाढतो.

वार्निशविषयीचा गैरसमज

लेबलावर ‘यूव्ही वार्निश’ केल्यास ते उन्हापासून सुरक्षित राहते, असे अनेकांना वाटते. वस्तुस्थिती वेगळी आहे. हे वार्निश अतिनील किरणांनी वाळविले जाते, म्हणून त्याला ते नाव आहे. त्यामुळे चकाकी येते आणि शाई खरवडली जात नाही. परंतु प्रकाश अडविणारा घटक मुद्दाम मिसळला नसेल तर संरक्षण मिळत नाही. उलट, गरजेपेक्षा अधिक वाळविल्यास काही वार्निशे स्वतःच पिवळसर होतात.

लॅमिनेशनमुळे बाहेरून येणारे तेलकट बोट आणि पाणी अडते. मात्र मागील बाजूने झिरपणारे तेल त्यामुळे थांबत नाही. पॉलिप्रॉपिलीनचे स्टिकर तेल शोषत नाहीत आणि त्यांत लिग्निनही नसते. त्यामुळे काचेच्या बरणीतील मेणबत्ती, तेलाची बाटली अथवा लेपाची डबी यांसाठी ते योग्य ठरतात. प्लास्टिक टाळू इच्छिणाऱ्या उत्पादकांपुढे मात्र निवडीचा प्रश्न उभा राहतो. अशांनी पांढऱ्याऐवजी मुळातच मातकट रंगाचा क्राफ्ट कागद किंवा शुभ्रता-रसायने नसलेला मलईच्या रंगाचा कागद निवडल्यास पुढील रंगबदल सहसा लक्षात येत नाही.

बरणीवर लेबल लावण्यापूर्वी मेण पूर्ण थंड झालेले असावे आणि काचेवरील तेलाचा अंश स्पिरिटने पुसून घ्यावा. थर्मल प्रिंटरवर थेट उष्णतेने छापलेली लेबले तेल व उष्णतेच्या संपर्कात पुसट होतात, म्हणून कायमस्वरूपी माहितीसाठी ती वापरू नयेत.

कायद्याची बाजू

लेबल केवळ शोभेसाठी नसते. वैध मापनशास्त्र (आवेष्टित वस्तू) नियम, 2011 नुसार उत्पादकाचे नाव व पत्ता, निव्वळ वजन, निर्मितीचा महिना व वर्ष, सर्व करांसह कमाल किरकोळ किंमत आणि ग्राहक तक्रारीसाठीचा संपर्क ही माहिती सुवाच्य असणे बंधनकारक आहे. अंगाला लावण्याचा साबण व इतर प्रसाधने यांना सौंदर्यप्रसाधने नियम, 2020 लागू होतात. विक्रीसाठी उत्पादन करताना परवाना घ्यावा लागतो आणि घटक, खेप क्रमांक व वापराची अंतिम मुदत लेबलावर नमूद करावी लागते.

लेबल पिवळे पडून किंवा तेलाने भिजून ही माहिती वाचता येईनाशी झाली तर प्रश्न केवळ दिसण्याचा राहत नाही. एखाद्या घटकाची ॲलर्जी असलेल्या व्यक्तीला ते घटक वाचता आले पाहिजेत. जुन्या लेबलावर नवे लेबल चिकटवून वेळ मारून नेण्याचा मार्गही सोपा नाही. बंधनकारक माहिती बदलण्यासाठी सुटे स्टिकर लावण्यास 2011 च्या नियमांत मनाई आहे. किंमत कमी करण्यासाठी स्टिकर लावता येतो, परंतु त्याखाली मूळ किंमत झाकली जाता कामा नये.

घरच्या घरी चाचणी

मोठ्या प्रमाणावर छपाई करण्यापूर्वी काही सोप्या चाचण्या घरीच करता येतात. लेबलाचा अर्धा भाग ॲल्युमिनियमच्या वर्खाने झाकून ते दोन आठवडे उन्हाच्या खिडकीत ठेवावे. दोन्ही भागांत फरक दिसल्यास कारण प्रकाश आहे. दुसरे लेबल सुगंधी तेलाच्या काही थेंबांसह, तेलाचा स्पर्श होऊ न देता, बंद बरणीत अंधारात ठेवावे. ते पिवळे पडल्यास कारण सुगंधात आहे. तिसरे लेबल साबणाच्या तुकड्याला बांधून ठेवावे. तेवढेच पिवळे झाल्यास दोष क्षाराचा किंवा तेलाचा समजावा. चौथे लेबल नुसत्या काचेवर चिकटवून अंधाऱ्या पण उबदार जागी ठेवल्यास डिंकाची परीक्षा होते.

दुकानातील मांडणीलाही महत्त्व आहे. खिडकीची काच सर्व अतिनील किरण अडवीत नाही. दर्शनी भागात ठेवलेला माल ठराविक दिवसांनी मागे घेणे आणि फडताळावर एलईडी दिवे वापरणे उपयुक्त ठरते, कारण नेहमीच्या एलईडी दिव्यांतून अतिनील किरण जवळजवळ बाहेर पडत नाहीत. साठ्याची खोकी छताखालच्या तापलेल्या माळ्यावर ठेवू नयेत.

प्रत्येक खेपेतील दोन नग, एक उजेडात आणि एक अंधारात, तारीख लिहून स्वतःजवळ ठेवल्यास दुकानातून तक्रार आल्यावर तुलना करता येते. दोष मालात होता की ठेवण्याच्या जागेत, हे त्यावरून ठरविता येते आणि पुढील खेपेसाठी कागद बदलावा, डिंक बदलावा की केवळ साबण आणखी दोन आठवडे सुकू द्यावा, याचा निर्णय घेणे सोपे जाते.